स्टुलावरचे साहेब

अप्पा गेल्याचं मला त्यांच्या शेजाऱ्यांकडून कळलं. मी त्यांची एकुलती एक मुलगी, हैदराबादेतच तारनाक्याला राहणारी. धावतपळत मलकपेठला त्यांच्या घरी पोचले, तर अंगणात आधीच चपलांचा ढीग. आत जो तो 'आपले अप्पा, आपले अप्पा' म्हणत डोळे पुसत होता. दुःख होतंच, पण खरं सांगते, त्या 'आपले'नं माझा जीव जळला. माझे अप्पा आजही मला एकटीला मिळाले नाहीत…

भाषावार रचनेत हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन. अप्पा एका सरकारी कचेरीचे मुख्य. पण कामासाठी कुणी आलं, की ते आपल्या खुर्चीत त्याला बसवत आणि स्वतः स्टूल ओढून घेत. नवखे लोक स्टुलावरच्या या माणसालाच विचारत, "साब कब आते की?" अप्पा शांतपणे म्हणत, "आ जाते. पहले पानी पियो." हळूहळू सगळ्या कचेरीला ही खोड लागली. हेडक्लार्क उठून जागा देऊ लागला, एरवी खेकसणारा चपराशी म्हाताऱ्यांना हात धरून पायऱ्या चढवू लागला. लोकांना केवढं कौतुक! मी मात्र धुमसत असे, कारण घरीही तेच. वेताच्या खुर्चीत अप्पांच्या मांडीवर बसून गोष्ट रंगात यावी, तोच फाटक वाजे आणि मला खाली उतरवून अप्पा उठत.

त्या वर्षी आमच्या ओळखीची मराठी घरं एकेक करून मराठवाड्याकडे निघाली. माझं आजोळ परभणीला, म्हणून मीही भातुकली बांधून तयार. अप्पा म्हणाले, "आधी सगळ्यांचं मार्गी लागू दे, मग आपण." त्यांचे कारकून गंगाधरराव यांची आई तिकडे एकटी होती, म्हणून खटपट करून अप्पांनी त्यांची बदली करवली. त्यांची मुलगी कमल माझ्या आजोळच्या गल्लीत राहायला गेली, माझ्या आजीच्या हातचे धपाटे खाऊ लागली. आमचं 'मग' काही उगवलं नाही. भातुकलीची गाठ शेवटी आईनंच सोडली.

तीच कमल तेराव्याला आली आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं रडली. म्हणाली, "ताई, अप्पासाहेबांचं बघून आमच्या बाबांनी दारात आलेल्याला कधी उभं ठेवलं नाही. आता माझी पोरंबी उठून जागा देतात." ऐकून माझा ऊर भरून यायला हवा होता. आला नाही. परभणीही हिला, अप्पाही हिलाच…

सगळे पांगल्यावर एका दुपारी मी फाटकाला कडी घातली आणि वेताच्या खुर्चीत बसले. त्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेल्या जागी हात ठेवले. आता कुणीही येऊ नये, असं मनापासून वाटत होतं.

फाटक वाजलं. उन्हातून आलेला कुणी अनोळखी म्हातारा होता. मी चिडले, चांगलीच चिडले, आणि कडी काढून त्याला आत घेतलं. खुर्चीत टेकत त्यानं विचारलं, "साब कब आते, अम्मा?"

'आ जाते' म्हणवेना. "पहले पानी पियो," म्हटलं आणि स्टूल ओढलं.