गाळून, उकळून, निववून

निपाणीत गुंडाप्पांच्या घरी नळाच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधलेलं असतं. पाणी गाळायचं, फडक्यात अडकलेले डोळ्याला न दिसणारे जीव जैन बस्तीच्या, म्हणजे मंदिराच्या, मागच्या विहिरीत अलगद सोडून यायचं आणि गाळलेलं पाणी उकळून, निववून प्यायचं. चाळीस वर्षं तंबाखूच्या वखारीत काढली, पण आपल्या हातून एक जीव मेला नाही, असं ते छातीला हात लावून सांगत. "आणि तंबाखूनं मेले ते, आप्पा?" असं कुणी खवचटपणे विचारलं, तर म्हणत, "ते त्यांनी वढली म्हणून मेले."

अशा माणसाच्या सोप्यात, बाहेरच्या बैठकीत, काचेची टाकी आली ती मुलामुळं. विनय दोन वर्षांमागं बेंगळुरूला गेला आणि जाताना पाच गोल्डफिश मागं ठेवून गेला. तेव्हापासून दर रविवारी दहाला नातीचा, प्रियाचा, व्हिडिओ कॉल येतो. येतो म्हणजे माशांना येतो. गुंडाप्पा फोन काचेला लावून उभे राहायचे आणि पलीकडून आवाज यायचा, "बटाटा कुठाय? आजोबा, तुमचं बोट मध्ये येतंय!" बटाटा हा पाचांतला सगळ्यांत जाडा मासा.

"फोन माशास्नी," त्यांची बायको कांताबाई शेंगा सोलत म्हणायच्या. "आपुण नुसतं स्टँड."

स्टँड तर स्टँड. त्या अर्ध्या तासासाठी गुंडाप्पा शनिवारपासून दाढी करून बसत.

टाकीचं पाणी बदलायला एसटी स्टँडजवळच्या शोभेच्या माशांच्या दुकानातला विक्रम पंधरा दिवसांनी यायचा. तो नळीचं एक टोक पाण्यात सोडून दुसरं तोंडानं ओढायचा, पाणी आलं की बादलीत सोडून पच्‌कन थुंकायचा. बदलायचा पाव भागच, तेही नळाचं पाणी एक दिवस बादलीत उघडं ठेवून. फिल्टरचा स्पंज टाकीतल्याच जुन्या पाण्यात पिळायचा आणि तसाच मळकट परत बसवायचा. गुंडाप्पा तोंड फिरवायचे. पाव भाग बदलणं म्हणजे एक पाय धुऊन बस्तीत जाणं!

मग विक्रमच्या बहिणीचं लग्न ठरलं. तो गुंजीला गावी गेला आणि तीन आठवडे झाले तरी परतला नाही. पाणी गढूळलं. रविवारी प्रिया म्हणाली, "शी आजोबा, किती घाण! बटाटा दिसतच नाही." आणि कॉल सात मिनिटांत संपला.

सोमवारी पहाटे गुंडाप्पांनी घरातली सगळी पातेली काढली. पाणी दोनदा गाळलं, उकळलं, सांजपर्यंत निववलं. मासे जरा वेळ बादलीत. टाकी रिकामी करून घासली, खडे उकळले, स्पंजही कढत पाण्यात घालून पांढरा केला. सांजेला टाकीत ते पाणी ओतलं तेव्हा काच आहे की नाही कळेना.

मासे मात्र सगळे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले.

"कायतरी मागाय लागल्यात की वं," कांताबाई म्हणाल्या.

"खूश झाल्यात गं. असलं पाणी त्यांच्या सात पिढ्यांनी बघितलं न्हाय."

बुधवारी पहिला मासा उताणा तरंगला. गुरुवारी दोन. शुक्रवारी उरलेले दोन, त्यांत बटाटा. गुंडाप्पांनी पाचही परसात केळीच्या बुडाशी पुरले आणि दोन दिवस अन्न शिवलं नाही.

शनिवारी विक्रम परतला. हातावरची मेंदी अजून पुसली नव्हती. त्यानं सगळं ऐकलं, स्पंज हातात घेऊन पाहिला.

"आप्पा, उकळलेल्या पाण्यात हवा ऱ्हात न्हाय. पर ते एक झालं. ह्यातला मळ म्हंजे घाण नव्हती वं. ह्यात जीव असतेत, डोळ्याला न दिसणारे. माशांची घाण तेच खातेत, म्हणून मासे जगतेत. तुम्ही ते सगळे उकळून काढलासा."

गुंडाप्पा खुर्चीचा हात धरून बसले. स्पंजाकडं बघत म्हणाले, "किती असतील रं?"

"काय?"

"ते. न दिसणारे."

"ते कोण मोजतंय? लाख, कोट." विक्रमला वाटलं, म्हातारा माशांना रडतोय. "असू दे, तसलेच पाच आणून सोडतो उद्या. नातीला काय कळतंय?"

"जगतील?"

"आता लगेच? न्हाय. ते जीव परत वाढून टाकी बसाय महिना जातोय. पर फोनपुरतं..."

"नको," गुंडाप्पा म्हणाले. "जा तू."

रविवारी दहाला फोन वाजला. त्यांनी रिकामी टाकी न दाखवता खरं काय ते सांगून टाकलं. प्रिया रडत उठून गेली. सूनबाई राजश्री पडद्यावर आली, "मामंजी, विचारायचं तरी ना यांना," म्हणाली आणि चहा उतू जातोय म्हणून फोन ठेवला.

पुढच्या रविवारी दहा वाजले, साडेदहा वाजले.

"तुम्ही लावा की," कांताबाई म्हणाल्या.

लावला. प्रियाच आली. सवयीनं ती फोनच्या कोपऱ्यात काहीतरी शोधत होती. गुंडाप्पांनी फोन आपल्या तोंडासमोर धरला. कसा धरायचा ते कळेना, म्हणून निम्मं कपाळ आणि वरचा पंखा आला.

"काय दाखवताय, आजोबा?"

"मीच आहे गं."

"हां." ती थांबली. "आणखी काय आहे?"

गुंडाप्पांनी सोपाभर नजर फिरवली. पलंग होता, औषधांचा डबा होता. कांताबाईंनी पदर सारखा करून फोनकडं तोंड केलं, पण तोवर पलीकडून, "नंतर करते हं, आजोबा, क्लास आहे," आलं आणि पडदा काळा झाला.

रविवारी कसला क्लास, हे त्यांनी कांताबाईंना विचारलं नाही. कांताबाईंनीही सोलायच्या शेंगांचं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.