पंचाला माहीत असतं का?

जपानी कुस्ती मला कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझी मुलगी सोळा वर्षांची. अबू धाबीत जन्मली, शाळा इथलीच, मराठीत विचारलं की उत्तर इंग्रजीत. तिला हे खूळ कुठून लागलं देव जाणे. शनिवारी दुपारी, तिकडे संध्याकाळ झालेली असते तेव्हा, खलिफा सिटीतल्या आमच्या हॉलमध्ये जपानचा आखाडा लागतो. चकचकीत चड्ड्या, रंगवलेले केस, दोरांवरून उड्या. आणि सगळं आधी ठरलेलं! कोण जिंकणार तेसुद्धा! मी म्हटलं, "अगं, मग बघायचं काय त्यात?" ती म्हणाली, "बाबा, यू डोन्ट गेट इट." नाहीच कळत मला.

यंदाच्या थंडीत माझे वडील व्हिजिट व्हिसावर आले. आम्ही त्यांना आबा म्हणतो. सांगलीकडच्या आमच्या गावातल्या तालमीचे वस्ताद, आणि एके काळी जत्रेच्या फडातले पंच. संगनमतानं लढलेली नुरा कुस्ती दिसली की हलगी थांबवून दोघांनाही तांबड्या मातीच्या हौद्याबाहेर काढणारा माणूस. मला वाटलं, आता हे नातीचा टीव्हीच फोडणार. झालं भलतंच. पहिल्याच शनिवारी दोघं मांडीला मांडी लावून बसले. ती त्यांना मोडक्या मराठीत सांगत होती, की महायुद्धात हरल्यावर तिथली माणसं चौकातल्या टीव्हीपुढे गर्दी करायची, आपला गडी धिप्पाड गोऱ्यांना आडवं करतो ते बघायला.

"तेबी ठरलेलंच?" आबांनी विचारलं.

"येस आजोबा."

"आसंना का. बघनारी मानसं तर खरी हुती."

मी चक्रावलो. हे माझेच वडील का?

खरं सांगायचं तर मला धास्ती बसली होती. कारण आमच्या घरात एक नुरा कुस्ती आधीपासून लपलेली होती आणि ती माझी होती. बारावी झालो त्या वर्षी जत्रेत माझी जोड लागली. जिंकलो असतो, तर आबांनी मला कोल्हापूरच्या मोठ्या तालमीत धाडलं असतं. मला इंजिनिअरिंगला जायचं होतं आणि त्यांच्यापुढे तोंड उघडायची छाती नव्हती. म्हणून पडलो. समोरच्या गड्यालाही न सांगता, मुद्दाम पडलो. पंच खुद्द आबा होते. त्यांनी मी चितपट झाल्याचा निकाल दिला, आणि पोटच्या पोराविरुद्ध निकाल दिला म्हणून गावानं त्यांना डोक्यावर घेतलं. मी पुण्याला गेलो, तिथून इकडे आलो. त्या सरळ माणसाला आपण फसवलं, ही गोष्ट तीस वर्षं पोटात ठेवली. बायकोलाही सांगितली नाही.

परवाच्या शनिवारी एका म्हाताऱ्या मल्लाची शेवटची लढत होती. मुलगी म्हणाली, तिकडची रीतच आहे, निघून जाणाऱ्यानं जाताना आपल्या चेल्याकडून हरायचं. प्रेक्षक रंगीत कागदी फिती फेकत होते. मल्लाला लागू नये म्हणून गुंडाळीच्या आतली पुठ्ठ्याची नळी आधीच काढून ठेवतात म्हणे. काय माणसं आहेत! आबा मात्र मल्लांकडे बघतच नव्हते. त्यांची नजर रेफरीवर खिळलेली. म्हातारा पडला, रेफरीनं तीनदा हात आपटला, खलास. मुलीच्या डोळ्यांना धार लागली. ठरवून हरलेल्या माणसासाठी रडायचं! मी वैतागून काही बोलणार, तेवढ्यात आबांनी तिला विचारलं, "त्या पंचाला म्हाईत आसतंय का?"

"ऑफकोर्स आजोबा. रेफरी नोज एव्हरीथिंग. त्याच्याशिवाय होतच नाही."

  आबा टीव्हीकडेच बघत मला म्हणाले, "तुला नीट पडताबी आलं न्हाई."

"काय?"

"डावा खांदा वर हुता तुजा. चांगला चार बोटं."

दोन्ही खांदे मातीला टेकल्याशिवाय चितपट धरत नाहीत. म्हणजे मी हरलोच नव्हतो? "आबा, मग... मग निकाल का दिलात?"

"डोळं गच्च मिटून पडलावतास. म्हटलं, पोराला जायाचं दिसतंय. जाऊ दे."

एवढं बोलून ते पाय चोळत बसले. मुलगी माझ्याकडे बघून विचारत होती, "व्हॉट हॅपन्ड, बाबा?" तिला काय सांगणार, कप्पाळ? मलाच कळत नव्हतं, कोण कुणाला फसवत आलं होतं. आनंद होत होता आणि मेल्याहून मेल्यासारखंही वाटत होतं.

त्या जत्रेनंतर आबा पंच म्हणून पुन्हा कधीच हौद्यात उतरले नाहीत. गावोगावची बोलावणी यायची, लोक घरी येऊन हातापाया पडायचे, तरी हे जायचे नाहीत. पोरगा हरल्याची लाज वाटते म्हणून जात नाहीत, असंच मी आजवर धरून चाललो होतो.