ओळंब्याची वाकडी शिवण

सगळा बाजार त्याला ओळंबा म्हणायचा. भिंत सरळ उभी राहिली की नाही, हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून खाली सोडतो, तो ओळंबा. या माणसाचा मात्र भिंतींशी काही संबंध नव्हता. तो मोटरसायकलींच्या सीट बनवायचा. पण त्याच्या सीटवरची मधली शिवण टाकीपासून मागच्या दिव्यापर्यंत अशी जायची, की तिच्यावर मुंगी सोडली तर तिला कुठे वळायला नको. तोंडावर लोक त्याला मास्तर म्हणत, पाठीमागे ओळंबा. दोन्ही नावं त्याच्या कानावर येत आणि खरं सांगायचं तर त्याला दुसरंच जास्त आवडे.

दुकान चार पावलं रुंद आणि दहा पावलं लांब. पुढे उंच लाकडी ओटा, त्याखाली रेक्झिनच्या गुंडाळ्या, भिंतीवर खुंट्यांची रांग. मागे खिडकीखाली शिलाई मशीन आणि मशीनवर त्याची बायको. फोम कापायचा तो, खोळ शिवायची ती, आणि खोळ ताणून सीटच्या पत्र्यावर बसवायचा पुन्हा तो.

"शिवते मी, नाव यांचं," असं ती गिऱ्हाइकांना हसत हसत सांगायची.

"मशीनवर सरळ कुणीही शिवेल," तो म्हणायचा. "ताणल्यावर सरळ राहिली पाहिजे. नाव त्याचं असतं."

त्याचा बाप खोगिरं शिवायचा. घोडे गेले, मोटरसायकली आल्या. बापाने एकदा दारात उभ्या असलेल्या मोटरसायकलीकडे निरखून पाहिलं आणि म्हणाला, "जनावर बदललं. बूड तेच आहे." त्या दिवसापासून दुकानात फोम आला. मात्र बापाची रीत राहिली. माप घ्यायचं ते माणसाला गाडीवर बसवून. माणूस जसा रोज बसतो तसा बसला, की खडूने त्याच्या मांड्यांभोवती रेघ ओढायची. आणि जुना फोम फेकायचा नाही. तो आठ दिवस खुंटीवर टांगून ठेवायचा. आठ दिवस फिरून गिऱ्हाईक "ठीक आहे" म्हणालं, की मगच तो खाली उतरायचा.

"फोममध्ये माणूस असतो," ओळंबा म्हणायचा, आणि ते काही उगाच नव्हतं. फोम हातात घेऊन, अंगठ्याने दाबत दाबत, न पाहिलेल्या माणसाविषयी तो बोलायचा. हा टाकीला चिकटून बसतो, घाबरट आहे. याच्या मागे बायको बसते, आणि भांडण झालं की ती पार मागे सरकते. गिऱ्हाईक लाजायचं, म्हणजे बरोबर असायचं.

अशा माणसाकडे एका सकाळी गोणपाटात गुंडाळलेली सीट आली. आणणारी होती गुरांच्या डॉक्टरांची मुलगी. शाळेत शिकवायची, बोलणं खडूसारखं कोरडं.

"काका, बाबांच्या गाडीची आहे. आज मिळाली तर बरं."

"गाडी कुठे आहे? डॉक्टर कुठे आहेत?"

"कुणाची तरी गाय अडली आहे. माणूस न्यायला आला, त्याच्याच गाडीवरून गेले. गाडी घरी आहे. सीट मीच खोलून आणली."

"माणूस नसला तर मी माप घेत नाही."

"मग ते कधीच येणार नाहीत, काका. ही सीट अठरा वर्षं फाटते आहे. पावसात भिजते, मग बाबा दोन दिवस ओल्या पँटने हिंडतात."

ओळंब्याने खोळ उसवली. फोम पिवळा पडून बिस्किटासारखा झाला होता. आणि तो वाकडा होता. डावीकडे खोल खड्डा, उजवीकडे उंचवटा. त्याने अंगठा फिरवला. फोमने त्याला सांगितलं की हा माणूस अठरा वर्षं डाव्या बाजूला कलून बसतो. पण का बसतो, ते फोम सांगत नाही. ते माणसाला विचारावं लागतं, आणि माणूस समोर नव्हता.

"एवढे शिकलेले," ओळंबा मनाशीच म्हणाला, "आणि बसायची रीत नाही."

त्याने सीट सरळ केली. नवा फोम, दोन्हीकडे सारखा, चार बोटं जाड. काळं रेक्झिन आणि मधोमध शिवण, अशी की बायकोनेही मशीनवरून मान वर करून पाहावं. संध्याकाळी मुलगी सीट घेऊन गेली. जुना फोम खुंटीवर गेला.

सहाव्या दिवशी बाहेर गाडी ढकलत आणल्याचा आवाज आला. डॉक्टर हँडल धरून होते, मुलगी मागून ढकलत होती. डॉक्टरांच्या कोपरावर पट्टी, गाडीचा डावा आरसा गायब.

"मास्तर, तुमच्या सीटने मला पाडलं."

"सीट पाडत नाही, डॉक्टर. घोडा पाडतो."

"चौकात थांबलो, पाय टेकायला गेलो आणि गाडीसकट आडवा झालो. दोन दिवसांत दोनदा."

मुलीने मूठ उघडून दाखवली. मुठीत गाडीची चावी होती. "काका, मी बाबांना सांगितलंय. आज इथे, या दुकानासमोर, पाय नीट टेकला तर चावी त्यांची. नाही टेकला तर गाडी विकायची. साठी उलटली. रस्त्यातून उचलून आणायला मी काही रोज मोकळी नाही."

डॉक्टरांनी चावीकडे पाहिलं. त्या गाडीचा आवाज लांबून आला की गोठ्यातली जनावरं मान वर करतात, असं लोक सांगत. चावी गेली तर त्या गोठ्यांपर्यंत ते कसे जाणार होते? कोणी न्यायला आलं तर.

ओळंब्याला मात्र आधी स्वतःची सीट दिसत होती. त्याने गवंड्याकडून कधीतरी मागून आणलेली पातळी काढली, तीच ती, जिच्यात पाण्याचा बुडबुडा असतो. सीटवर आडवी ठेवली. बुडबुडा मधोमध येऊन थांबला.

"बघा. केसाइतका फरक नाही."

"सीट सरळच आहे, मास्तर," डॉक्टर म्हणाले. "मी सरळ नाही."

त्यांनी ओट्याला टेकून डावा बूट काढला आणि रेक्झिनच्या तुकड्यांवर ठेवला. बुटाचा तळ दुसऱ्या बुटाहून चांगला दोन बोटं जाड होता.

"वीस वर्षं झाली. घोड्याला सुई टोचत होतो, त्याला ते आवडलं नाही. हाड जुळलं, पण आखूड जुळलं. चालताना कळू देत नाही मी. गुरांचा डॉक्टर लंगडा दिसला की लोक म्हणतात, याला जनावर आवरत नाही."

मुलगी बापाकडे बघत राहिली. बूट तिने रोज पाहिला होता, पण तळ कधी उलटा करून पाहिला नव्हता.

ओळंब्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. फोमने त्याला सगळं सांगितलं होतं. डावं बूड खाली गेलं तरच डावा पाय जमिनीला पोचत होता. अठरा वर्षं बसून बसून त्या माणसाने स्वतःचं माप स्वतः घेतलं होतं, आणि ओळंब्याने एका दुपारात ते पुसून टाकलं होतं. बाप असता तर हातातला दाभण काढून घेतला असता.

"थांबा, जुना फोम आहे माझ्याकडे." तो खुंटीकडे वळला. खुंटी रिकामी होती. "अगं, इथला फोम?"

मशीन थांबलं. "मी घेतला."

"आठ दिवस व्हायचे होते!"

"पाच झाले होते. माझ्या स्टुलाला गादी नव्हती. सगळ्या जगाला बसायला गादी करता, घरच्या माणसाने लाकडावर बसायचं!" मग ती जरा थांबली. "पण मेलं काय आहे त्यात, कालपासून माझी कंबर धरलीय. मला वाटलं, स्टुलाचा पाय झिजला."

"ऊठ."

"अहो, हळू."

ती उठली. फोमचा पुढचा भाग तिने स्टुलाच्या आकारात गोल कापला होता, पण खड्डा शाबूत होता. ओळंब्याने तो दोन्ही हातांत धरून ओट्यावर आणला, जसा वाढदिवसाचा केक आणावा. दोन्ही बाजू बोटांनी मोजल्या. डावीकडे दोन बोटं, उजवीकडे साडेतीन.

"आता बसा गाडीवर," तो डॉक्टरांना म्हणाला. "आणि सरळ बसू नका. जसे रोज बसता तसे बसा."

खडूची रेघ ओढली गेली. ओळंब्याने करवतीचं लांब पातं घेऊन नवा फोम डावीकडून तासायला सुरुवात केली. थोडा तासायचा, डॉक्टरांना बसवायचं, त्यांच्या मांडीखाली हात घालून वजन कुठे पडतं ते पाहायचं, पुन्हा तासायचा. समोरचा पंक्चरवाला काम टाकून दारात येऊन उभा राहिला.

"काय मास्तर, डॉक्टरांना तपासताय?"

"तुझी ट्यूब बघ तू."

फोम जमला तेव्हा सहा दिवसांपूर्वी शिवलेलीच खोळ चढवून पाहिली. डॉक्टर बसले. शिवण डावीकडे ओढली गेली आणि मांडीजवळ रेक्झिनला चुण्या पडल्या. ओळंबा त्या चुण्यांकडे बघत राहिला. चुणी पडते तिथे रेक्झिन वर्षभरात फाटतं, हे त्याला ठाऊक होतं. बायको शेजारी येऊन उभी राहिली. तिलाही ठाऊक होतं.

"शिवण उजवीकडे सरकवावी लागेल," ती हळूच म्हणाली. "म्हणजे ते बसले की मध्ये येईल."

"आणि गाडी रिकामी उभी असली की?"

"वाकडी दिसेल."

त्याने खालचा ओठ दातात धरला. या बाजारात त्याच्या हातची वाकडी शिवण अजून कुणी पाहिली नव्हती. शिवण सरळ ठेवून दिली असती तरी आज पाय टेकला असता, चावीही मिळाली असती. सीट फाटायची ती वर्षाने. तेव्हा रेक्झिनला नावं ठेवता आली असती.

"उसव," तो म्हणाला.

तासाभराने सीट गाडीवर चढली. मध्यापासून शिवण उजवीकडे झुकलेली, विळ्यासारखी वाकलेली. डॉक्टरांनी टांग टाकली, स्टँड काढला. डावा पाय खाली गेला, आणि बुटाचा जाड तळ जमिनीवर असा पडला की दुकानातून आवाज ऐकू आला. त्यांनी गाडी उजवीकडे कलवली, डावीकडे कलवली. पाय हलला नाही. ओळंब्याने पाठीमागून शिवण पाहिली तर सरळ, टाकीकडून पाहिली तर सरळ.

मुलगी पुढे झाली आणि तिने स्वतःच चावी गाडीला लावली.

"बाबा, त्या घोड्याचं मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू घोडा विकायला लावला असतास," डॉक्टर म्हणाले आणि किक मारली.

गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ओळंबा रस्त्यात उभा होता. चौथ्या दिवशी डॉक्टर औषधांच्या दुकानात शिरले तेव्हा रिकामी गाडी पंक्चरवाल्याच्या दारात उभी होती. तो तिथूनच ओरडला, "मास्तर! ओळंबा वाकडा झाला की हो! डोळे तपासून घ्या!"

दोन-चार जण हसले. ओळंबा ओट्यावर फोम कापत होता. सांगायला त्याच्याकडे सगळं होतं, बूट, घोडा, बोटांचं माप. पण ते डॉक्टरांचं होतं.

"वय झालं," तो म्हणाला, आणि पातं चालवत राहिला.

मागून बायको म्हणाली, "माझ्या बुडाखालचं काढून घेतलंत, त्याला चार दिवस झाले. माझं काय?"

त्याने कापलेला फोम उचलला, खडू घेतला आणि मशीनपाशी गेला. फोम तिच्यासाठीच होता.

"बस."

ती ताठ बसली, फोटो काढायला बसतात तशी.

"अशी नको," ओळंबा गुडघ्यावर टेकत म्हणाला. "मशीन चालव. तू शिवताना कशी बसतेस, ते मी तीस वर्षांत पाहिलेलं नाही."