गाडी पत्र्याचीच पाहिजे

ईश्वर पेंटर गेल्याचा फोन आला तेव्हा दुपारचे सव्वातीन वाजले होते. फोन त्याच्या मुलीचा, रोहिणीचा. "काका, आप्पा गेले," एवढंच ती बोलली. आयुष्य बातम्यांच्या टेबलावर गेलेलं, त्यामुळे माझ्या तोंडून जे यायचं तेच आलं, "किती वाजता?" तिनंही सरळ उत्तर दिलं. दोन वाजून दहा मिनिटांनी, निपाणीत, घरीच, जेवून आडवे झाल्यावर. अर्धांगवायूचा दुसरा झटका. दोनच दिवस आधी मी त्याच्यासमोर बसलो होतो. त्यानं डाव्या हातानं रंगवलेली, वीतभराहून लहान अशी पत्र्याची पाटी माझ्यापुढे धरली होती, आणि मी त्याला सांगितलं होतं की शिरोरेघ उजवीकडे खाली आली आहे. त्यानं ती पाटी तिथंच पुसली. पुन्हा लिहायला त्याला वेळ मिळाला नाही. यावरून गेल्या दीड महिन्यात मला पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं. म्हणून जे घडलं ते क्रमानं लिहितो.

ईश्वर आणि मी सातवीपर्यंत एका बाकावर होतो. त्याचे वडील तंबाखूच्या वखारीत हमाल, माझे त्याच वखारीत कारकून. त्याच्या घरी जेवून आलो म्हणून मला एकदा आमच्या दारात अंघोळ घातली गेली होती. हा किस्सा तो शेवटपर्यंत हसत सांगायचा, मला कधी हसू आलं नाही. सातवीनंतर मी पुढं शिकून बेळगावात वर्तमानपत्रात लागलो आणि तो हायवेवरच्या एका वस्तादाकडे लॉऱ्या रंगवायला. पुढची चाळीसेक वर्षं निपाणीहून सुटणाऱ्या किती गाड्यांवर त्याचा हात फिरला याची मोजदाद कुणी ठेवली नाही. मालक सांगतील ते देव, मालकांच्या पोराबाळांची नावं, मराठीत आणि तितक्याच वळणदार कन्नडमध्ये. स्वतःचं नाव मात्र मागं, नंबरप्लेटीच्या खाली, बोटाएवढं. तो रिवाजच होता.

वस्तादानं त्याला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. शिरोरेघ सगळ्यात शेवटी, एका दमात ओढायची. आणि काम झालं की रस्ता ओलांडून पलीकडे जायचं, गाडीकडे पाठ करायची, वाकायचं आणि दोन पायांतून उलटं बघायचं. शब्द सुलटा दिसला की माणूस वाचतो, बघत नाही. उलटा दिसला की रेघा दिसतात. भर हायवेवर हा गृहस्थ असा वाकून उभा असायचा. एकदा बोरगावची बस थांबली आणि कंडक्टरनं विचारलं, "काय पेंटर, काय सांडलंय?" ईश्वरानं न उठता उत्तर दिलं, "रेघ सांडलीया. तुमच्या चाकाखाली बघा जरा!"

नोकरी लागल्यावर पहिल्यांदा निपाणीला आलो तेव्हा त्याचं काम बघून मी 'झकास' म्हणालो. तो चिडला. "झकास म्हणायला मालक हाय की. तू पेपरात चुका काढायचा पगार घेतोस न्हवं? मग काढ." मी नीट बघितलं आणि सांगितलं की 'र' थोडा मागे झुकलाय. त्यानं रस्ता ओलांडला, वाकला, आला आणि चिंधीनं 'र' पुसला. तेव्हापासून आमचा व्यवहार ठरला. त्याच्या अक्षरांवर मी बोलायचं. माझ्या पेपरावर तो, तोही सकाळी सातच्या आत फोन करून. "आज पहिल्या पानाचं वजन डावीकडं गेलंय रं... कुणी लावलं?" बहुतेक वेळा मीच लावलेलं असायचं.

मग रेडियमची दुकानं आली. संगणकावर अक्षर निवडायचं, मशिन कापतं, अर्ध्या तासात चिकटवून गाडी मोकळी. ईश्वर घरांच्या भिंती रंगवू लागला आणि त्याबद्दल त्यानं कधी तक्रार केली नाही. तक्रार त्यानं केली ती पहिल्या झटक्यानंतर. उजवा हात गेला, वाचा महिन्याभरात बरीच परत आली, आणि परत आल्या-आल्या ती त्यानं भेटायला येणाऱ्यांवर वापरली. व्यायामासाठी रबरी चेंडू दिला होता, तो त्यानं गल्लीत भिरकावला. "चेंडू दाबून अक्षर सुधारत असतं तर समदे क्रिकेटवाले पेंटर झाले असते." त्याची बायको सुशीलावहिनी तो चेंडू रोज उचलून आणायच्या.

रोहिणी बेळगावात एका कारखान्यात लेथवर काम करते. तिथल्या काही जणांना एक छंद आहे. रॉक क्रॉलर म्हणतात त्याला. रिमोटवर चालणारा, दीड-दोन फूट लांबीचा ट्रक, पण पळण्यासाठी नाही, खडक चढण्यासाठी. चाल मुंगीची. चारही चाकं एकदम जोर लावतात, टायर मऊ असतात, आत स्पंज असतो, एक चाक वीतभर वर उचललं गेलं तरी उरलेली तीन दगड सोडत नाहीत. रविवारी ही मंडळी काकतीच्या डोंगरावर जातात. रोहिणीनं स्वतःसाठी असा एक ट्रक बांधायला घेतला. चासी तिनं स्वतः कापली आणि भोकं पाडली, मोटार, रिमोट आणि गिअर बाहेरून मागवले. वरची बॉडी म्हणून काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकचं कवच आणलं आणि ते बापापुढे ठेवलं. "आप्पा, रंगवून द्या."

ईश्वरानं ते उलटंसुलटं करून बघितलं. "ट्रक म्हणतीस आणि हौदा कुठाय?"

"हौदा नसतोय याला. वर वजन झालं की उलथतोय."

"बिनहौद्याचा ट्रक म्हंजे काय गं? जीप म्हण की."

या कवचाला रंग आतून लावायचा असतो, हे तिनं त्याला सांगितलं होतं. म्हणजे बाहेरून कितीही खरचटलं तरी रंग तसाच राहतो. बारीक नक्षी आधी, मूळ रंग शेवटी, अक्षरं उलटी. ईश्वरानं ते ऐकलं आणि आयुष्यभर केलं तेच केलं. ऑइलपेंट बाहेरून लावला, डाव्या हाताची रेघ वाकडी गेली म्हणून चिंधी थिनरमध्ये बुडवून पुसली, पुन्हा लावला, पुन्हा पुसली. पत्र्याला थिनर काही करत नाही. प्लास्टिकला करतं. संध्याकाळपर्यंत ते कवच दुधासारखं पांढरं झालं आणि त्यावर केसासारख्या भेगा पसरल्या. रोहिणी सुट्टीवर आली तेव्हा त्यानं ते लपवलं नाही. टेबलावर मांडून ठेवलं होतं. तिनं अंगठ्यानं दाबलं तर टपकन तुटलं.

"दुसरं मागवते," ती म्हणाली. "पण आतनं रंगवायचं."

"मागवू नको. आतनं मारल्याला रंग म्हंजे फोटो. तो खरचटणार न्हाय, पुसणार न्हाय, एकदा चुकला की चुकलाच. मला पुसाय यायला पाहिजे. गाडी पत्र्याचीच पाहिजे."

"पत्र्याचं वजन कोण झेलणार? तुम्ही?"

"ते तुझं काम. मिस्त्री तू हाईस."

ही बाचाबाची दोन रविवार चालली. शेवटी मार्ग दोघांनी मिळून काढला. बाप म्हणाला, गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा घे, पातळ असतो, कात्रीनं कापतो. तिनं कागदावर केबिन आखली, डबा कापला, वाकवला, डाग देऊन जोडला. हौदाही केला, पण बुटका. वर वाढलेलं वजन खाली ओढायला तिनं लेथवर पितळेच्या दोन कड्या काढून पुढच्या चाकांच्या आत बसवल्या आणि बॅटरी पुढे, अगदी तळाला घेतली. केबिनच्या आत डोकावलं तर तेलाच्या डब्यावरचं सूर्यफूल अजून दिसतं.

मग ईश्वर रंगवायला बसला. चिकटपट्टी लावून कड धरण्याचा सल्ला एकानं दिला, त्याला उत्तर मिळालं, "पट्टी लावून रेघ कोण बी मारंल." केबिन शेंदरी, हौदा निळा, दोन्ही बाजूंना तंबाखूची पानं, मागं फाळक्यावर बारीक अक्षरात 'जय भीम'. सगळं डाव्या हातानं, सगळं किमान चार वेळा पुसून. वाकता येत नव्हतं, म्हणून तो केबिनच उलटी धरायचा. "हायवेवर हे जमत न्हवतं बघ," मला म्हणाला, "गाडी उलटी कराय क्रेन लागली असती." लोक यायचे, बघायचे, म्हणायचे, या वयात, या हातानं, किती छान. त्याचं तोंड कडू व्हायचं. "बारक्या पोरानं कविता म्हणली की टाळ्या वाजवत्यात, तसलं छान हाय ते. पोराला काय, कविता येत नसली तरी चालतंय."

राहिली ती केबिनच्या कपाळावरची पाटी. तिथं तो 'ईश्वर पेंटर, निपाणी' लिहिणार होता. आयुष्यभर नंबरप्लेटीखाली राहिलेलं नाव पहिल्यांदा म्होरं येणार होतं, आणि तिथं ते वाकडं येऊन चालणार नव्हतं. अक्षरं जमू लागली होती. 'श्व'सुद्धा जमला. शिरोरेघ जमत नव्हती, कारण ती एका दमात ओढायची आणि डावा हात शेवटच्या बोटभर अंतरात खाली बसायचा. मी आठवड्याला एकदा बेळगावहून जायचो. आठ वेळा त्यानं पाटी माझ्यापुढे धरली आणि आठ वेळा मी उत्तर दिलं.

शेवटच्या भेटीत चहा झाला होता. त्यानं पाटी पुढे केली. "सांग."

मी वेळ घेतला. चूक फार थोडी होती, तांदळाच्या दाण्याएवढी. सुशीलावहिनी माझ्याकडे बघत होत्या. "उजवीकडे खाली आलीय," मी म्हणालो. "निपाणीच्या 'ण'पासून."

"व्हय. मला बी तिथंच वाटत हुतं." तो खूश दिसला, हे मी जबाबदारीनं लिहितो. "आता लई थोडी राहिली." आणि त्यानं चिंधी ओढली.

जलदान विधीच्या दिवशी ट्रक त्याच्या फोटोशेजारी मांडला होता. कपाळावर बसवलेली पाटी कोरी, पुसल्याचा पांढरट फराटा तेवढा राहिलेला. माणसं उठल्यावर सुशीलावहिनी माझ्यासमोर आल्या. "भावजी, बरं हाय म्हणायला तुमचं काय जात हुतं? नाव लिवून तरी गेला असता की माणूस." खोलीतल्या बऱ्याच जणांचं तेच मत होतं. मी तेव्हा बोललो नाही, आता बोलतो. माझं काहीच जात नव्हतं. त्याचं गेलं असतं. मी 'बरं आहे' म्हणालो असतो तर त्याला त्याच क्षणी कळलं असतं की आता मीसुद्धा त्याच्याकडे पेशंट म्हणून बघतो. ज्या मापानं त्याचा उजवा हात मोजला त्याच मापानं डावा मोजणारं त्याला कुणीतरी हवं होतं. मी ती रेघ आज बघितली तरी तेच सांगेन.

एका नातेवाइकानं तोडगा काढला. रेडियमच्या दुकानातून नाव कापून आणू, कपाळावर चिकटवू, काचेची पेटी करू, फोटोखाली राहील. हेतू चांगला होता. रोहिणीनं ट्रक उचलला आणि काखेत घेतला. "पेटीत ठेवायला हे काय बाहुलीय व्हय? बॅटरी चार्ज केलीय मी. रविवारी काकतीला जाणाराय."

रविवारी सुशीलावहिनीही आल्या, का आल्या ते त्यांनी सांगितलं नाही. कडेला दगडावर पदर घेऊन बसल्या. त्या मंडळींच्या ट्रकांमध्ये पत्र्याचा हा एकटाच. पहिला खडक चढला. दुसऱ्यावर मागचं चाक घसरलं आणि गाडी तीन फूट खाली कोसळली. डावीकडची तंबाखूची पानं खरवडून निघाली, पत्रा उघडा पडला. कुणीतरी "अरेरे" म्हणालं. रोहिणीनं रिमोट खाली घेतला आणि आईकडे बघितलं...

"बघत काय बसलीस?" वहिनी ओरडल्या. "घाल की वर! डाव्या अंगानं घे, तिकडं दगड बसलाय."

तिसऱ्या प्रयत्नाला गाडी डाव्या अंगानं वर गेली. एका पोरसवदा इंजिनिअरनं वाकून कोऱ्या कपाळाकडे बोट केलं आणि इथं काय लिहायचं राहिलंय, असं विचारलं. वहिनी म्हणाल्या, "मालकाचं नाव. रेघ जमंना झालीया अजून." मग माझ्याकडे न बघता, "भावजी, मंगळवारी घरला या. ही सुट्टी काढून लिवाय बसणाराय."

मंगळवारी गेलो. ईश्वराच्या टेबलाशी, खिडकीकडे तोंड करून रोहिणी बसली होती. खरवडलेली पानं तशीच होती, कपाळावर ओल्या पांढऱ्या रंगात बापाचं नाव. लेथवर सुताइतकंही न चुकणाऱ्या तिच्या हातानं शिरोरेघ मधेच थोडी उचलली होती. वहिनी दारात उभ्या राहून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. 'पेंटर'च्या 'ट'वर रेघ वर गेलीय, असं मी सांगितलं. रोहिणी काही म्हणायच्या आत वहिनी पुढे आल्या, थिनरच्या बाटलीचं बूच काढलं, चिंधी भिजवली आणि लेकीच्या हातात दिली.