चार रेघांचा हात

२०१८ साली मी सत्तावन्न वर्षांचा होतो, आणि साऱ्या बहारीनमध्ये माझ्याइतका हट्टी माणूस दुसरा नाही अशी माझी समजूत होती. ती आमच्या चिनी क्रेनवाल्याने मोडली. या माणसाने अख्खं जग एका अक्षराला टांगून ठेवलं होतं. अक्षर 'शोऊ', अर्थ हात. तीन आडव्या रेघा, आणि त्यांच्यामधून खाली उतरून टोकाला वळलेली एक उभी. चार रेघांत खलास. त्यांच्या भाषेतलं जे काही कामाचं आहे ते या हाताला धरूनच उभं आहे, असं त्याचं म्हणणं. पाणी-हात म्हणजे खलाशी. नवा हात म्हणजे नवशिका, जुना हात म्हणजे मुरलेला. हाताचं काळीज म्हणजे तळहात, हाताचं यंत्र म्हणजे मोबाइल. पांढऱ्या हाताने घर उभारलं म्हणजे जवळ काही नसताना संसार मांडला. हात-पाय म्हणजे सख्खे भाऊ. सात हात आठ पाय म्हणजे सगळे एकदम मदतीला धावले आणि गोंधळ झाला. मी विचारलं, "आठ पायांना सातच हात कसे?" तो शांतपणे म्हणाला, "एक का हात, बीडी मे."

आम्ही अस्कर गावाच्या पुढे एका ठेकेदाराच्या यार्डात कामाला होतो. मी रिगर. म्हणजे क्रेनच्या आकड्याला माल बांधायचा आणि क्रेनवाल्याला हाताने खुणा करायच्या. यार्डात मराठी, मल्याळी, बंगाली, चिनी, सगळ्या मुलखांतली माणसं. तोंडाने कोणाचं कोणाला कळायचं नाही, म्हणून कामाची भाषा हाताची. बोट वर करून फिरवलं की उचल. हात खाली सोडून बोट हलवलं की उतरव. पंजा समोर उभा धरला की थांब. मी तिसरी शिकलेला माणूस, पण या भाषेत माझी चूक कोणी काढली नव्हती, हे मी छाती काढून सांगतो. भिंतीआडचं काम असलं की क्रेनवाल्याला माल दिसत नाही, फक्त माझा हात दिसतो. अरबीत मफी म्हणजे नाही, आणि तो शब्द यार्डात सगळ्यांच्या तोंडी. तो म्हणायचा, "मेरा आंख मफी. तुम्हारा हात, मेरा आंख."

म्हणून रोज सकाळी वर चढण्याआधी तो माझे दोन्ही तळहात उलटेपालटे करून बघायचा, बाजारात बैलाचे दात बघतात तसे. एकदा माझ्या बोटाला पट्टी होती. "बोट छोटा दिखता," म्हणाला, आणि चढेचना. 'बोट' हा शब्द त्याने माझ्याकडूनच उचलला होता. फोरमन खालून "यल्ला, यल्ला" ओरडून थकला. शेवटी मी पट्टी काढली, रक्त पुसलं, बोट लांब करून दाखवलं, तेव्हा कुठे स्वारी शिडीला लागली. त्याचा डावा हातमोजा लाल आणि उजवा पांढरा. काऊन, ते विचारायची सोय नव्हती. उकडलेले शेंगदाणे तो दोन काड्यांनी एकेक करून खायचा, आणि दर दाण्यागणिक एक शब्द सांगायचा.

अस्करला गाड्यांवर रोज धूळ बसते. त्या धुळीत तो बोटाने रोज एक नवा शब्द लिहायचा, आणि पाटी म्हणून त्याला पुण्याच्या इंजिनियर साहेबांच्या गाडीचं बॉनेटच पसंत पडलं होतं. एकदा साहेबांनी मला गाठलं. "काका, माझ्या गाडीवर रोज हे काय असतं?"

"हात आहे जी."

"कोणाचा हात?"

"ते अजून ठरलं नाही जी."

दुसऱ्या दिवसापासून साहेब गाडी रोज धुऊन घेऊ लागले. चिन्याला हे फार लागलं. "इंजिनियर पाटी पुसता. पढता मफी." मी पोट धरून हसलो. हसलो, पण मला स्वतःला इंग्रजी वाचता येत नाही हे यार्डात कोणालाच ठाऊक नव्हतं. सही मी चित्रासारखी गिरवून पाठ केली होती, आणि इंग्रजीत काही विचारलं की "यस सर" म्हणायचं, एवढ्यावर माझी तीस वर्षं निघाली होती.

एका शुक्रवारी मी त्याला शहरातल्या झिंज भागात नेलं. तिथे आमच्यातल्या एका क्लार्कच्या फ्लॅटमध्ये आम्ही बुद्धवंदनेला जमतो. पाली त्याला कळत नव्हती, पण तो सगळ्यांच्या आधी वाकला आणि सगळ्यांच्या नंतर उठला. मग मूर्तीच्या उभ्या पंजाजवळ डोळे नेऊन मला कोपर मारलं. "देखो. सिग्नल. थांब बोलता." क्लार्कच्या बायकोला हसू आवरेना. तो मात्र हसत नव्हता.

ऑगस्टमध्ये ते झालं. भिंतीपलीकडे पाइपांचा जुडगा हवेत, खाली एक बंगाली फिटर. हवा अशी दमट की श्वाससुद्धा ओला. मी पंजा उभा धरून क्रेन थांबवली होती. फिटर बाजूला व्हायची वाट बघत होतो. एकाएकी जुडगा खाली आला. फिटर ओरडला तो आवाज मी लिहिणार नाही. त्याच्या उजव्या पायाची दोन बोटं गेली.

तिसऱ्या दिवशी सेफ्टी ऑफिसरने मला बोलावलं. भराभर इंग्रजीत काही विचारलं. मी म्हटलं, "यस सर." त्याने कागद पुढे केला. "फॉर्मॅलिटी है, साइन करो." या वयात खोटं कशाला लिहू, त्या कागदात काहीतरी आहे असं मला वाटलं होतं. पण वाचून दाखवा म्हणायला जीभ उचलेना. मी माझं चित्र काढलं आणि निघालो.

संध्याकाळी चिन्या माझ्या खोलीच्या दाराशी आला. हातात मोजे नव्हते. त्याला कामावरून काढलं होतं, व्हिसा रद्द झाला होता. ठपका असा की खूण नसताना माल उतरवला. असा ठपका घेऊन गेलेल्या माणसाला पुन्हा कोणी क्रेनवर चढवत नाही.

"तुम लिखा, सिग्नल मफी," तो म्हणाला. "मै देखा. बोट नीचे. दो बार. तुम झूठ लिखा, क्यों?"

बोट खाली, दोनदा. आमच्या भंडाऱ्याकडे कपाळावरचा घाम बोटाने निपटतात आणि हात खाली झटकतात. जन्मभर झटकला. त्या दिवशीही झटकला असणार.

"मी वाचलं नाही," मी म्हटलं.

"पढता मफी?"

"पढता मफी."

तो चिडला नाही, हसलाही नाही. माझा उजवा हात उलटा करून त्याने तळव्यावर बोटाने आधी एक अनोळखी अक्षर काढलं आणि मग त्या चार रेघा. "श-शोऊ. हात गुम गया. गलती. सबका होता." मग म्हणाला, "तुम बूढा. घर जाने का टाइम. साफ जाओ. मै दूसरा काम करेगा. तुम चुप."

पुढचं आधी सांगून मोकळा होतो. त्या महिन्यात घरी मला धाडलं, तो क्रेनवर परत चढला. फिटरला मी अजून तोंड दाखवलेलं नाही. चिन्याचा वर्षातून एकदा मोबाइलवर फोटो येतो. कुठल्यातरी धुळकट काचेवर तेच अक्षर. मी उत्तरादाखल माझ्या तळहाताचा फोटो पाठवतो. तो बघत असेल, उलटा पालटा करून.

पण सांगायची आहे ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. सहाला सगळा यार्ड रांगेत उभा होता. मी पुढे जाऊन सेफ्टी ऑफिसरला म्हटलं, "वो कागज पढके सुनाओ."

"क्यों? साइन तो किया है तुमने."

"मेरे को पढना नहीं आता."

इंजिनियर साहेब खाली बघू लागले. ऑफिसरने कागद वाचला, हिंदीत सांगितला. मी सगळ्यांसमोर कपाळावरून बोट फिरवलं आणि हात खाली झटकला. एकदा. तेवढ्यात माझी नजर मागे गेली. चिन्या फाटकापाशी बॅग घेऊन उभा होता, आणि त्याने पंजा माझ्यासमोर उभा धरला होता. थांब.

आयुष्यात ती खूण मी कधी मोडली नव्हती. मी पुन्हा बोट फिरवलं, दुसऱ्यांदा हात झटकला, आणि ऑफिसरला म्हटलं, "यही सिग्नल था. हात मेरा था. अब लिखो."