काकूंचे तीन स्वेटर

डबे आणि किस्से, दोन्ही आपल्याकडे कसे जमतात कळत नाही. एकेक कोणीतरी देऊन जातं आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळे अंगावर कोसळतात! आमच्या अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या ऑफिसातला हा किस्साही असाच. आम्ही युरोपातल्या इमारतींसाठी सॉफ्टवेअर करतो. तिकडे कायदाच आहे: घर किती ऊर्जा खातं त्यावरून त्याला ए ते जी असा ग्रेड द्यायचा आणि खालच्या ग्रेडच्या इमारती सुधारत न्यायच्या. टीममध्ये मी मुंबईचा, मंदार नागपूरचा आणि आमची लीड शिल्पा पुण्याची. म्हणजे ग्रेड देणं तिच्या रक्तातच!

*

टेस्टिंगसाठी मंदारनं स्वतःच्याच टाउनहाउसची माहिती भरली. ग्रेड आला जी!

“बग असेल यार,” मंदार म्हणाला.

“बग नाही. याच्या खाली अक्षर नाही म्हणून वाचलास,” शिल्पा म्हणाली.

आम्ही हसलो, मंदार हसला नाही. चार वर्षं विनवण्या करून त्यानं आईला नागपूरहून सहा महिन्यांसाठी आणलं होतं. काकू तीन आठवड्यांत तीन स्वेटरांवर पोचल्या होत्या. आदल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, “तुझ्या घरात मला थंडी सोसत नाही रे. परतीचं तिकीट अलीकडचं कर.”

मला फार वाईट वाटलं. शिल्पानं लगेच फर्मान काढलं, “तिकिटाला हात लावू नकोस. शनिवारी आम्ही घरी येतोय.”

*

आमची टेस्ट अशी: बाहेरच्या दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर खेचायची आणि फटींतून किती वारा आत येतो ते मोजायचं. आकडा बघून शिल्पा म्हणाली, “हे घर आहे की मांडव?”

तासभर फटी शोधल्या. शेवटी स्वयंपाकघरात गेलो तर खिडकी सताड उघडी आणि शेजारी काकू फोडणी देतायत!

“काकू, खिडकी?”

“मग? फोडणी दिली की तुमचा तो धुराचा अलार्म बोंबलतो!”

खिडकी लावून पुन्हा टेस्ट केली. ग्रेड तरीही जीच.

*

मग उष्णता दाखवणारा कॅमेरा काढला. त्यात गरम ते लाल, गार ते निळं दिसतं. भिंती निळ्या, छत त्याहून निळं. अख्ख्या घरात लाल दोनच गोष्टी होत्या: कुकर आणि काकूंचं तोंड.

आम्ही बूट घालून घरभर फिरत होतो!

*

सोमवारी मंदार घरून एका जर्मन क्लायंटशी व्हिडिओवर बोलत होता. तो सांगत होता, घर कितीही बंदिस्त असलं तरी आम्ही रोज सकाळी पाच मिनिटं सगळ्या खिडक्या उघडतो. मंदारच्या आठ वर्षांच्या लेकीनं, इरानं, ते मोडक्यातोडक्या मराठीत आजीला सांगितलं. काकू स्क्रीनसमोर आल्या, त्या माणसाला नमस्कार केला आणि मंदारला म्हणाल्या, “बघ! याच्या आईनं वळण लावलंय.”

*

दोन महिने दर वीकेंडला आम्ही तिकडेच. फटी बुजवल्या, माळ्यावर इन्सुलेशनचा जाड थर घातला, शेगडीवर धूर बाहेर फेकणारा पंखा लावला. ग्रेड आला सी! काकूंनी जेवायला बोलावलं. निघताना आपल्या रीतीप्रमाणे दार उघडं टाकून उंबऱ्यातच गप्पा रंगल्या. वीस मिनिटांनी आतून आवाज आला, “बोलायचं तर आत या, नाहीतर घरी जा. सगळी ऊब चाललीय!”

काकूंच्या अंगावर एकच स्वेटर होता. पण तिकिटाचं काय, हे विचारायची हिंमत मंदारला होईना.

*

परवा त्याच्याकडे चहाला गेलो होतो. काकू स्पीकरवर नागपूरच्या बहिणीशी बोलत होत्या. “परत कधी येतेस?” बहिणीनं विचारलं. चहा गाळता गाळता मंदारचा हात थांबला.

“थांब गं,” काकू म्हणाल्या. “माझं घर अजून सीवरच आहे. बी होऊ दे, मग बघू!”