आबांच्या ओठांवर आबांचा आवाज

आमच्या पवनीच्या घरमालकांइतका भित्रा माणूस भंडारा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. लग्नाचे व्हिडिओ काढणारे हे काका विजेचं बटण वेळूच्या काडीने दाबत. प्रोजेक्टर लावायचा तर शेजारी पाण्याची बादली, आणि तिच्यात कोणी पडू नये म्हणून वर झाकण. कॅसेटी टॉवेलात गुंडाळून ठेवत. काकू म्हणत, "सोताच्या पोरायले कदी इतकं जपलं नाही या मानसानं!" दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा भरत, तेव्हा ते तिथल्या नाटकांचे प्रॉम्प्टर. पण कोंढा गावच्या नाटकात खलनायकाने तलवार उपसली, तसे हे विंगेतून मागे मागे सरकत थेट मागच्या शेतात, धानाच्या बांधीत उतरले. शेवटी उगारलेल्या तलवारीनिशी खलनायकच विंगेत डोकावला, "काका, या नं जी वापस! पुढचं सांगा, हात दुखून राहिला माहा."

मी त्यांच्याहून भित्री. सातवीतून शाळा सुटलेली, नवऱ्याच्या नोकरीपायी साताऱ्याकडून इतक्या लांब आलेली. माझे वडील, आबा, गेले तेव्हा त्यांचं माझ्याजवळ एवढंच उरलं: माझ्या लग्नात एका पाहुण्याने घेतलेली पाठवणीची छोटीशी मुकी फिल्म, आणि त्याच वेळी ते बोलले, ती वेगळी टेप. काकांना हे कळलं. "दोनी एका कॅसेटवर आनून देतो," म्हणाले आणि म्हणता म्हणता त्यांना घाम फुटला. मलाही. फिल्म जळली किंवा टेप गुंतली, तर आबा पुन्हा एकदा जाणार होते.

भर दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून काम सुरू झालं. फिल्म सेकंदाला अठरा चित्रांची, व्हिडिओ पंचवीसचा; मेळ बसेना, चित्र लुकलुकायचं. प्रोजेक्टर जोरात फिरवला, तर आबा कोंबडीसारखे तुरुतुरु पळू लागले. अगदी हळू केला तेव्हा चित्राची लुकलुक थांबली, पण आता आवाज पुढे आणि ओठ मागे. मग काकांनी टेपही हळू केली. ओठ आणि आवाज जुळले, पण आवाज जाडाभरडा, भलत्याच माणसाचा. मी किंचाळले, "हे आमचे आबा नव्हेत!"

काकांनी काडीने सगळी बटणं बंद केली. "कोन बोलून राहिला होता मंग थो?"

"तुमीच भेवाडली पोरीले," काकू म्हणाल्या.

दोन दिवस काका नीट जेवले नाहीत. मग आले आणि म्हणाले, "बाई, भेऊ नोको वं. टेप तिच्याच चालीनं जाईन. बोलनारा जिथं दम घेते, तिथं मी थांबवतो. ओठ आले का सोडतो. नाटकात मी दुसरं काय करतो?" या वेळी काडी बाजूला ठेवून त्यांनी बोटच बटणावर टेकवलं. टेप आधीच झिजली होती. पुन्हा पुन्हा चालवायची कोणाचीच छाती नव्हती. एकदाच चालवली.

काका आता नाहीत. कॅसेट लावली की आबांच्या दोन वाक्यांमध्ये मला त्यांचं भेदरलेलं बोट दिसतं. आबा जन्मभर घाईचे. पाठवणीलाही भराभरा बोलून वळले होते. इथे मात्र थांबत थांबत बोलतात. "सांभाळून राहा," म्हणतात, थांबतात. "पत्र टाक," म्हणतात, थांबतात. शेवटच्या "जा आता"च्या आधी तर इतके थांबतात, की दर वेळी मला वाटतं, या खेपेला म्हणणारच नाहीत.